बॉस कटाना मिनी: आठ महिने रोज वाजवल्यावर

आमचं घर दोन खोल्यांचं. धाकटी साडेनवाला झोपते, त्यामुळे माझ्या हातात गिटार यायला दहा वाजतात. म्हणून ॲम्प (गिटारचा आवाज वाढवणारा स्पीकरचा डबा) घेताना दुकानात मी एकच प्रश्न विचारला: अगदी हळू आवाजात हा कसा वाजतो? उत्तरात मला वॅट ऐकवले गेले. घरच्या रियाजाला वॅटचा फारसा उपयोग नाही. वॅट दुप्पट केले तरी आवाज जेमतेम ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला तो दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. कटाना मिनी ७ वॅटचा आहे. घरात त्याचा व्हॉल्यूम मी अजून निम्म्यावर नेलेला नाही.

खरी अडचण उलटी असते. आवाज उतरवला की कानाला खर्ज आधी कमी ऐकू येतो. दुकानात भरदार वाटलेला ॲम्प घरी डबा वाजवल्यासारखा वाटतो, तो त्यामुळेच. या किमतीच्या बऱ्याच छोट्या ॲम्पवर टोनसाठी एकच नॉब असतो; इथे बास (खालचे सूर), मिडल (मधले), ट्रेबल (वरचे) यांचे नॉब वेगळे आहेत, आणि मी हाच घेतला तो त्यासाठी. रात्री बास घड्याळातल्या दोनवर, ट्रेबल अकरावर ठेवतो. मग सहावी तार तळव्याने दाबून छेडली की ४ इंची स्पीकरातूनही तिचा 'धुक्' असा ठोका नीट येतो. खिडकी बंद असेल तर पलीकडच्या खोलीत तो पोचतही नाही.

यात आवाजाचे तीन प्रकार निवडता येतात: क्लीन (स्वच्छ), क्रंच (थोडा खरखरीत), ब्राउन (जास्त खरखरीत). मी क्रंचवरच असतो; गिटारचा व्हॉल्यूम उतरवला की आवाज स्वच्छ होतो, वाढवला की खरखर येते. डिले, म्हणजे वाजवलेला सूर मागून पुन्हा ऐकू येणं, छान आहे. रिव्हर्ब (मोठ्या दालनातल्यासारखी घुमारी) मात्र नाही, आणि क्लीनवर संथ काही वाजवताना ती उणीव मला अजून जाणवते.

ॲडॉप्टर सोबत येत नाही. इथे मी घाई केली. जवळच्या दुकानातून ९ व्होल्टचा म्हणून जो आणला त्याची पिन उलटी निघाली. ॲम्प सुरूच झाला नाही. याला पिनच्या आत ऋण, बाहेर धन लागतं. ॲडॉप्टरवर त्याची छोटी आकृती छापलेली असते, ती बघूनच घ्या. नंतरचा स्वस्तातला चालला, पण तार न छेडताही सतत 'घूंऽऽ' करायचा. शेवटी कंपनीचाच घेतला आणि ती गुणगुण थांबली.

६ पेन्सिल सेलवर साधारण ७ तास चालतो, असं कंपनी सांगते. रोज सेल घालणं परवडत नाही. वीज गेली की किंवा गावी नेताना घालतो. वजन सव्वा किलोच्या आत, सॅकमध्ये सहज मावतो. परतल्यावर सेल काढून ठेवतो, ते आत गळले तर पट्ट्या गंजतात.