रिंगा बदलल्याचं बिल, आणि बोल्टांवरचा न उडालेला रंग

स्नोब्लोअर, म्हणजे बर्फ खेचून बाजूला फेकणारं मशीन, दुरुस्तीला देणार असाल तर आधी हे वाचा. माझे पैसे गेले, निदान तुमचे तरी वाचावेत.

माझं मशीन दोरी ओढली की पहिल्या झटक्यात चालू व्हायचं. उभं असताना आवाजही ठणठणीत. पण बर्फात घातलं की दोन पावलांत इंजिनाचा दम जायचा. आवाज खाली येऊन बंदच पडणार असं वाटायचं, मागे ओढलं की पुन्हा सुरळीत.

दुरुस्तीवाल्याने प्लग काढला, दाब मोजायचा गेज लावला आणि दोरी ओढून काटा दाखवला. "कॉम्प्रेशन राहिलेलं नाही. इंजिन बसलंय, रिंगा बदलाव्या लागतील." कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडरमधला दाब, आणि रिंगा म्हणजे तो दाब धरून ठेवणाऱ्या पिस्टनभोवतीच्या कड्या. काटा खरंच खाली होता. मी घाबरून हो म्हटलं.

काटा खाली का होता ते फार उशिरा कळलं. अशा बऱ्याच इंजिनांत दोरी हलकी ओढली जावी म्हणून चालू करताना थोडा दाब मुद्दाम सोडून देण्याची सोय असते. त्यामुळे इंजिन धडधाकट असलं तरी दोरीवर गेज कमीच दाखवतो. झिजलेल्या रिंगा ओळखायच्या तर सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून गळते हे बघावं लागतं. ते त्याने केलंच नाही.

मशीन परत आलं. बिलात रिंगा, नवा कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) आणि एअर फिल्टर. त्याच आठवड्यात बर्फ पडला आणि इंजिन पुन्हा पहिल्यासारखंच धापा टाकू लागलं.

मग मीच पाना घेऊन बसलो. सगळ्यात आधी एअर फिल्टर शोधला. तो नव्हताच! बहुतेक स्नोब्लोअरांना फिल्टर नसतोच. बर्फात धूळ कुठून येणार, उलट फिल्टरवर बर्फाचा भुगा गोठला तर इंजिनाला हवाच मिळायची नाही. माझ्या इंजिनावर तो बसवायला जागाही नव्हती. हेडच्या, म्हणजे सिलिंडरच्या झाकणाच्या, बोल्टांवरचा कारखान्यातला रंग कडांपर्यंत शाबूत होता. पाना लागला असता तर तो तिथे उडालाच असता. हेड न काढता आतल्या रिंगा कशा बदलल्या?

"नव्या" कार्ब्युरेटरची वाटी खोलली तर तळाला पिवळट, चिकट थर. उन्हाळाभर टाकीत राहिलेलं पेट्रोल उडून गेलं की मागे हाच गाळ उरतो. माझ्या इंजिनात वाटी धरणारा बोल्ट हाच मुख्य जेट आहे, म्हणजे पेट्रोल त्याच्या बारीक भोकातून जातं. तो उजेडासमोर धरला तर भोकातून जेमतेम सुईच्या टोकाएवढा उजेड येत होता. बिनभाराच्या इंजिनाला तेवढं पेट्रोल पुरायचं, बर्फ चावायला लागलं की कमी पडायचं. विजेच्या वायरीतली तांब्याची एक तार घालून भोक मोकळं केलं, क्लीनर मारला, टाकीत ताजं पेट्रोल भरलं. त्याच संध्याकाळी मशीन भरल्या बर्फात न अडखळता चाललं.

म्हणून कळकळीने सांगतो, मशीन कोणाच्या हाती देण्याआधी बर्फात चालवताना चोक (इंजिनाची हवा कमी करणारी कळ) अर्धा ओढून बघा. त्याने जोर आला तर इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय. थोडा वेळ नीट चालून मग दम जात असेल तर टाकीचं झाकण सैल करा, त्याचं हवेचं भोक बुजलेलं असू शकतं. आणि इंजिनाचा आवाज तसाच राहून नुसता बर्फ खेचणारा स्क्रू थांबत असेल तर बहुधा इंजिनाचा जोर स्क्रूला देणारा पट्टा घसरतोय, इंजिनाला हात लावू देऊ नका. मशीन देण्याआधी हेडचे बोल्ट आणि कार्ब्युरेटर यांचे जवळून फोटो काढा. काढलेले जुने भाग परत हवेत, हे आधीच लिहून घ्या. मी हे काहीच केलं नव्हतं.

बिल घेऊन मी परत गेलो. फिल्टर कुठे बसवला ते दाखवा म्हटलं, तर त्याने मुकाट्याने तेवढे पैसे काढून दिले. जुन्या रिंगा मागितल्या तर "भंगारात गेल्या." मग माझ्यासमोर हेड उघडा म्हटलं. त्याने बोल्टांकडे एकदा पाहिलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. रिंगांचे आणि कार्ब्युरेटरचे पैसे अजून त्याच्याकडेच आहेत.