डिचोलीतला ऑटो इलेक्ट्रिशियन: पेट्रोलच्या काट्यासाठी इथेच जा

माझी ओम्नी 2006 सालची. जत्रांतल्या नाटकांना मी ऑर्गन वाजवतो, त्यामुळे कार्तिकापासून शिगम्यापर्यंत गाडी रात्रीचीच जास्त पळते. नाटक संपेपर्यंत पहाट होते आणि सत्तरीत आतल्या गावाला गेलेलं असलं की त्या वेळी उघडा पंप मिळेल याचा भरवसा नाही. अशा गाडीचा काटा बेभरवशाचा झाला की जीव टांगणीला लागतो. टाकी फुल्ल असताना काटा ठीक असायचा, पण अर्ध्याच्या आसपास आला की एकदम शून्यावर पडायचा आणि खड्ड्यात गाडी आदळली की पुन्हा वर. वहीत किलोमीटर लिहून ठेवत मी अख्खा मोसम काढला.

आधी एका गॅरेजमध्ये डॅशबोर्डचा पूर्ण मीटर बदलायला सांगितलं होतं. इथल्या मेस्तांनी मीटरला हातही लावला नाही. टाकीत किती पेट्रोल आहे ते मीटरला कळवणाऱ्या सेंडरची वायर सोडवली, चावी फिरवली आणि टाकीपासून लांब वायरचं टोक बॉडीला टेकवलं. काटा संथपणे चढत फुल्लवर जाऊन थांबला. "बाब, मीटर चांगला आहे. दुखणं टाकीकडे आहे." दोन मिनिटांत निदान!

मग सेंडर बाहेर काढून त्यांनी माझ्या हातात दिला. एका दांडीच्या टोकाला तरंगणारा फ्लोट आणि दुसऱ्या टोकाला रेझिस्टन्सच्या पट्टीवर घासत सरकणारी पितळी जीभ. मल्टिमीटर लावून त्यांनी फ्लोट हळूहळू वर उचलला. आकडा सारखा उतरत जायला हवा होता, पण मधे तो गायब होऊन पुन्हा उमटत होता. पट्टी तिथेच झिजली होती, नखाला खाच लागत होती. शिवाय अर्थिंगच्या टोकाला हिरवट गंज. आपल्याकडच्या पावसाळ्यात जुन्या गाडीचं अर्थिंग आधी तपासावं, हे तेव्हा कळलं.

मला त्यांचं सगळ्यात पटलं ते पुढचं. बाजारात स्वस्त डुप्लिकेट सेंडर लगेच मिळत होता, तो त्यांनी बसवला नाही. त्याचा रेझिस्टन्स मीटरशी जुळला नाही तर टाकी रिकामी असतानाही काटा पाव दाखवेल, म्हणाले. एमपीएफआय, म्हणजे इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलचा पंप टाकीतच बुडालेला असतो आणि पेट्रोलच त्याला थंड ठेवतं, म्हणजे टाकी वरचेवर तळाला गेली तर पंपाचंही आयुष्य कमी होतं. कंपनीचा सेंडर यायला आठवडा लागला, पण थांबलो ते बरंच झालं. बसवल्यावर ते स्वतः माझ्याबरोबर पंपावर आले. पाच-पाच लिटर टाकत प्रत्येक वेळी काटा कुठे येतो ते कागदाच्या पट्टीवर लिहून घेतलं आणि ती पट्टी सन-व्हायझरच्या मागे चिकटवून दिली. एवढी आस्था कोण दाखवतं? मजुरीचे 800 रुपये घेतले, पार्टचे वेगळे.

चोर्ला घाटात काटा अजून थोडा हलतो. चढावर पेट्रोल टाकीच्या एका बाजूला सरकतं आणि फ्लोट टाकीत एकाच ठिकाणी बसवलेला असतो, त्यामुळे तो दोष नव्हे. सपाटीवर दाखवेल तेच खरं धरायचं, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

गैरसोयी आहेत. दुकान बाजाराच्या गल्लीत, पार्किंग नाही. दुपारी एक ते तीन बंद. हातात काम असलं की फोन उचलत नाहीत, तेव्हा सकाळी जाऊन भेटलेलंच बरं. आणि टाकी भरून नेऊ नका, पाव असली की त्यांना काम सोपं जातं.