बिनपाऱ्याचा पीव्हीटी सेल : दहा महिने वापरून झाल्यावर

गेल्या दिवाळीनंतर आमच्या रबाळे एमआयडीसीतल्या लॅबमध्ये नीलमणी काचेची खिडकी असलेला, पारा न लागणारा पीव्हीटी सेल बसवला, म्हणजे खनिज तेलाचा नमुना दाबाखाली तापवून त्याचा दाब, आकारमान आणि तापमान मोजायचं भांडं. दहा महिन्यांत त्यावर काळं तेल, हलकं तेल, गॅस कंडेन्सेट (साठ्यात वायू असतो, दाब उतरला की द्रव सोडतो) असं सगळं चालवून झालं, एक पावसाळाही काढला. ओळखीच्या दोन-तीन लॅबवाल्यांनी ‘घ्यावा का?’ असं विचारलं, म्हणून सविस्तर लिहितेय. बनवणाऱ्या कंपनीचं नाव देत नाही. असे सेल बरेच जण बनवतात आणि मला बोलायचंय ते या प्रकाराबद्दल.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही, त्यांच्यासाठी थोडं. दोन-तीन हजार मीटर खाली, शंभर अंशांच्या आसपासच्या तापमानात आणि प्रचंड दाबाखाली असलेल्या तेलात गॅस विरघळलेला असतो. दाब उतरत गेला की एका ठरावीक दाबाला पहिला बुडबुडा सुटतो, तो बबल पॉइंट. तिथून पुढे गॅस सुटत राहतो आणि तेल आक्रसत जातं. मुंबई हायचं तेल पाइपातून उरणला पोहोचतं तोवर त्यातला बराच गॅस प्लॅटफॉर्मवरच वेगळा झालेला असतो. आम्हाला मात्र गॅससकट, ‘जिवंत’ तेल लागतं. ते दाबाच्या बाटलीत बंद करून आणायचं, सेलमध्ये घ्यायचं, जमिनीखालच्या साठ्याइतकं तापवायचं आणि दाब थोडा थोडा उतरवत आकारमान मोजत जायचं.

जुन्या सेलमध्ये हे काम पारा करायचा. पंपाने पारा आत ढकलला की तेल दाबलं जायचं, मागे घेतला की दाब उतरायचा. पारा कुठेही घासत नाही, कोपऱ्यात जागा सोडत नाही, त्यामुळे मोजमाप देखणं यायचं, हे मान्य करायला हवं. पण त्याची वाफ विषारी. शिवाय हायड्रोजन सल्फाइड असलेला नमुना आला की पारा त्याच्याशी संयोग पावून काळा पडायचा आणि नमुन्यातला तेवढा सल्फाइड गायब. आमच्याकडचे तंत्रज्ञ काका तीस वर्षं या कामात आहेत. मी नवीन असताना पहिल्या दिवशी ते एवढंच म्हणाले होते, “ताई, सोनं काढून ठेवा.” त्यांच्या स्वतःच्या अंगठीवर तांदळाएवढा पांढरट डाग आहे, पारा सोन्यात शिरल्याचा. आता पारा गेला, तरी काका आजही दारातल्या वाटीत अंगठी काढूनच आत येतात. नुसत्या या एका कारणासाठीही मी हा सेल घेतला असता.

दुसरं मोठं सुख म्हणजे खिडकी. काळ्या तेलाला तिचा फार उपयोग नाही. दाब आणि आकारमानाचा आलेख काढला की बबल पॉइंटला रेषा स्वच्छ मोडते आणि त्याखालच्या बिंदूंची वाय-फंक्शनची (दाब-आकारमानाच्या आकड्यांवरून पडताळ्यासाठी काढायच्या गुणोत्तराची) रेषा सरळ आली की आकडा पक्का धरता येतो. गॅस कंडेन्सेटला मात्र खिडकीवाचून गत्यंतर नाही, कारण तिथे आलेख कुठे मोडतच नाही. घरच्या सिलिंडरमध्ये दाब कमी झाला की द्रवाचा वायू होतो. कंडेन्सेटमध्ये उलटा प्रकार. दाब उतरवत गेलं की ड्यू पॉइंटला वायूतून द्रव पडायला लागतो. मिश्रणांचं हे वागणं क्यूनेन या डच भौतिकशास्त्रज्ञाने १८९२ साली दाखवलं. मी ते पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. जानेवारीत पहिल्यांदा पाहिलं. खिडकी लख्ख होती. दाब अजून जरासा उतरवला आणि पावसात लोकलच्या काचेवर श्वास पडून येते तशी झाक आली. काही मिनिटांत ती खाली बसली, तळाच्या कडेला ओल धरली आणि टाचणीच्या डोक्याएवढे थेंब एकमेकांत मिसळायला लागले. विहिरीजवळच्या खडकाच्या छिद्रांत हेच घडतं. तिथे पडलेला द्रव अडकून राहतो आणि वायूची वाट अडवतो. त्या दिवशी ठाण्याला परतताना ट्रान्स-हार्बरच्या गाडीत मी तोच विचार करत होते.

आता तक्रारी. सेल जाड पोलादाचा आहे, ओव्हनचा आकडा तासाभरात जागेवर येतो, पण आतलं तेल त्या तापमानाला यायला बराच जास्त वेळ लागतो. ओव्हनवर विश्वास ठेवून पहिल्याच आठवड्यात आमचे दोन दिवस वाया गेले. पाऱ्याच्या जागी आलेला पिस्टन थोडा घासतो, म्हणून दाब नेहमी नमुन्याच्या बाजूने मोजायचा, पंपाच्या बाजूने नाही. ओ-रिंग, म्हणजे गळती रोखणारी रबरी कडी, हा तर कायमचा खर्च. दाबाखाली गॅस रबरात शिरतो आणि दाब झटकन सोडला की आतल्या आत फुगतो. मार्चमध्ये निघालेल्या एका रिंगवर भाजल्यासारखे फोड होते, एका जागी नखाने दाबलं तर पापुद्रा सुटला. आता आम्ही दाब सोडायला अख्खी दुपार देतो. पुरवठादाराने सुट्या रिंगांचा संच पाठवायला सात आठवडे लावले. खरेदीच्या वेळीच दोन संच जास्तीचे मागून घ्या.

धुण्याबद्दल एक महत्त्वाचं. आधी टोल्युइन, तेही पूर्ण स्वच्छ निघेपर्यंत. प्रशिक्षणाला आलेल्या एका मुलाने सेल आधी हेप्टेनने धुतला. हेप्टेनमध्ये अ‍ॅस्फाल्टीन, म्हणजे तेलातला डांबरासारखा जड भाग, विरघळत नाही, ते खाली बसतं. खिडकीवर काजळीसारखी काळी कणी चिकटली ती निघायला तीन दिवस लागले. चूक त्याची नव्हती, भिंतीवर क्रम लिहिलेला नव्हता. तो आम्ही त्याच संध्याकाळी लावला.

पण या दहा महिन्यांत मला सगळ्यात जास्त काही शिकवलं असेल तर ते सेलने नाही, बाटलीने. सेल अचूक आहे, म्हणजे तुम्ही आत जे घालाल त्याचं अचूक उत्तर देतो. नमुनाच बिघडलेला असेल तर बिघडलेल्या नमुन्याचं अचूक उत्तर.

जूनमध्ये एकाच विहिरीतून, एकाच खोलीवरून घेतलेल्या तीन बाटल्या आल्या. विहिरीच्या तळाशी बंद केलेली साधी बाटली वर येऊन गार झाली की तिचा दाब उतरतोच, कारण तेल आक्रसतं आणि बाटली तेवढीच राहते. त्याला घाबरायचं नसतं. मात्र तिन्ही बाटल्यांचा उघडतानाचा दाब जवळपास सारखा हवा. दोन जुळल्या, एक बरीच खाली. काम देणाऱ्यांना घाई होती, ते म्हणाले, “मॅडम, एक कुठलीही चालवा आणि रिपोर्ट द्या.” काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “तिन्ही चालवू. नंतर विचारलं तर सांगता आलं पाहिजे.” तिन्ही बाटल्या साठ्याच्या तापमानाला, बबल पॉइंटच्या बऱ्याच वरच्या दाबाला पाच दिवस तापवून हलवत ठेवल्या. मेण आणि जड भाग गार होताना भिंतीला धरतात, ते पुन्हा विरघळले नाहीत तर पुढचं सगळं व्यर्थ. मग बबल पॉइंट काढले. दोन जुळले, तिसरा बराच कमी. तिसऱ्या बाटलीच्या व्हॉल्व्हच्या मानेला साबणाचं पाणी लावलं तेव्हा चार-पाच सेकंदांनी एक, असा बारीक फुगा येत होता. वाटेत गॅस निसटला होता. नेमकी तीच बाटली चालवून रिपोर्ट गेला असता, तर तो दिसायला अगदी व्यवस्थित दिसला असता. आलेखाची रेषा स्वच्छ मोडलेली, वाय-फंक्शन सरळ.

यात काय बिघडतं ते आकड्यात सांगते. गॅस निसटलेलं तेल वर आणल्यावर कमी आक्रसतं. समजा, खडकात १० कोटी बॅरल जागा तेलाने भरलेली आहे. खरा आकारमान गुणक (साठ्यातलं आकारमान भागिले वर आल्यावरचं) १.४० असेल तर ते तेल वर ७.१४ कोटी बॅरल भरेल असं धरायचं. गळक्या बाटलीने १.३५ सांगितला तर ७.४१ कोटी. म्हणजे व्हॉल्व्हच्या मानेतून आलेल्या त्या फुग्यांमुळे कागदावर साधारण २६-२७ लाख बॅरल असं तेल चढतं, जे कुठेच नाही.

आणि गळती तरी पकडता येते. विहीर जोरात चालू असताना, तळाचा दाब बबल पॉइंटच्या खाली गेलेला असताना नमुना घेतला असेल, तर बाटलीत गॅस जास्त आला की कमी, हे लॅबमध्ये बसून सुधारता येत नाही. म्हणून आता मी बाटलीसोबत कागदही मागते : विहीर किती वेळ शांत ठेवली होती, नमुना घेताना तळाचा दाब किती होता, सेपरेटरचा (वर गॅस आणि तेल वेगळं करणाऱ्या टाकीचा) नमुना असेल तर गॅस आणि द्रव एकाच वेळी भरले का. सेपरेटरच्या द्रवाची परीक्षा सोपी आहे. सेपरेटरच्या तापमानाला त्याचा बबल पॉइंट सेपरेटरच्याच दाबाला यायला हवा. नाही आला तर ती बाटली बाजूला.

घ्यावा का, तर कंडेन्सेटचं किंवा सल्फाइडवाल्या नमुन्यांचं काम असेल तर जरूर घ्या. फक्त काळं तेल येत असेल तर खिडकीशिवायचा बिनपाऱ्याचा सेल पुरेल. वाचलेल्या पैशांत मागे नायट्रोजनचा दाब ठेवणाऱ्या, नमुना एकाच अवस्थेत राखणाऱ्या बाटल्या घ्या. मी पुन्हा खरेदी केली तर आधी बाटल्या घेईन, मग सेल.

काकांच्या वहीत बाटली उघडतानाच्या दाबाचा रकाना पूर्वीपासून आहे. जूननंतर त्याच्या शेजारी खोलीच्या तापमानाचा आणि साबणाच्या पाण्याचा असे दोन रकाने आम्ही वाढवलेत.