पुण्याची पद्मिनी स्लाऊला आणली: नऊ महिने चालवल्यानंतरचा अनुभव

नऊ महिने झाले म्हणून आता लिहितोय, आधी लिहिलं असतं तर नुसत्या शिव्याच निघाल्या असत्या. गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८३ ची, ऑफव्हाइट, १०८९ सीसी, स्टेअरिंगवर गिअर. पुण्याहून इंग्लंडात स्लाऊला आणली. खर्च विचाराल तर पुण्यात ती जेवढ्याला विकली गेली असती त्याच्या साधारण अडीचपट, आणि ह्यात माझ्या वाया गेलेल्या सुट्ट्या धरलेल्या नाहीत.

बाबांनी ही ८३ च्या दसऱ्याला घेतली, बुकिंग करून नंबर लागायची वाट बघून. आणि दोनच महिन्यांनी, १४ डिसेंबरला, मारुती ८०० आली. आजोबांनी त्यावरून बाबांना शेवटपर्यंत सोडलं नाही, "थोडा दम धरला असतास तर" हे वाक्य आमच्या घरात कुठल्याही खरेदीनंतर येतं, अगदी मिक्सर घेतला तरी. तर ही गाडी विकायचा विषय कधी निघालाच नाही. मला इकडची नोकरी लागल्यावर बाबांचे गुडघे, सोसायटीतलं पार्किंग आणि वापर नसल्याने मरणारी बॅटरी हे सगळं एकदम समोर आलं आणि मी जेवताना सहज बोलून गेलो की घेऊन जाऊ का. आई म्हणाली वेडा झालायस. बाबा काहीच बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी सकाळी आरसी बुक काढून टेबलावर ठेवलं होतं.

आता मुख्य मुद्दा, कारण सगळं अडलं ते इथेच. गाडी जहाजात चढवणं हा भाग त्यामानाने सोपा आहे, ही गाडी तुमचीच आहे आणि ती हीच आहे हे कागदावर दाखवणं अवघड आहे. यूकेत राहायला येताना वापरातलं सामान आणि गाडी ड्यूटी न भरता आणता येते, त्याला ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स म्हणतात, सगळे टीओआर म्हणतात. अट अशी की तुम्ही आधी सलग बारा महिने यूकेबाहेर राहिलेले पाहिजेत, तुम्ही इकडे राहायला यायच्या आधी किमान सहा महिने गाडी तुमच्याकडे आणि तुमच्या वापरात पाहिजे, इकडे आल्यापासून बारा महिन्यांत ती आणायची, आणि आणल्यावर बारा महिने विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही, कोणाला वापरायलासुद्धा द्यायची नाही. मी कॉलेजपासून ही गाडी चालवतोय, पण आरसीवर नाव बाबांचं! नशीब की जानेवारी २०२४ मध्ये दुसऱ्याच कारणाने ती माझ्या नावावर केली होती. जॉइनिंग जूनमध्ये होतं, मी घरगुती अडचण सांगून ते जुलैअखेर नेलं. सहा महिने आणि अकरा दिवस भरले. मॅनेजरला अजून वाटतं घरी कोणीतरी आजारी होतं, होती म्हणा, गाडीच.

टीओआर नसेल तर काय होतं तेही बघून ठेवा. १० टक्के कस्टम ड्यूटी, तीही गाडीची किंमत अधिक जहाजभाडं ह्यावर, आणि मग त्या सगळ्या बेरजेवर २० टक्के व्हॅट. म्हणजे शंभरावर दहा, एकशेदहावर बावीस, एकूण बत्तीस. तीस वर्षांपेक्षा जुन्या, मूळ अवस्थेतल्या, रोजच्या वापरात नसलेल्या गाड्यांना संग्राह्य वस्तू म्हणून ड्यूटी शून्य आणि व्हॅट ५ टक्के असाही एक रस्ता आहे, पण बाबा दर गुरुवारी हिच्यातून मंडईत जायचे, रोजच्या वापरात नाही असं कुठल्या तोंडाने लिहू.

दुसरा घोळ इंजिन नंबरचा. नव्वदच्या दशकात बाबांची बदली झाली होती तेव्हा गाडीची नोंद दुसऱ्या जिल्ह्यात गेली आणि तिथे कोणीतरी पेनाने उतरवताना सातचा एक केला. पंचवीस-तीस वर्षं कोणाचं लक्ष नाही, दर पाच वर्षांनी रिपासिंग होतंय, फी भरतोय, ग्रीन टॅक्स भरतोय, सगळं सुरळीत. एनओसी घ्यायला गेलो तर म्हणे इंजिनवरचा नंबर आणि रेकॉर्डवरचा नंबर जुळत नाही. मग बॉनेट उघडून, रॉकेलच्या बोळ्याने पुसून, खडू फासून कागदावर पेन्सिलने घासून ठसा काढला. तो सात इतका स्पष्ट सात होता की साहेबही हसले, पण दुरुस्तीला पाच आठवडे गेले ते गेलेच. तुम्हाला एकच सल्ला देतो, परदेशाचं नक्की व्हायच्या आधीच चासी नंबर आणि इंजिन नंबर स्वतःच्या डोळ्यांनी आरसीशी ताडून बघा. आज रविवार असेल तर आजच बघा.

पाठवणी न्हावा शेवाहून, वीस फुटी कंटेनरमध्ये. पद्मिनी चार मीटरपेक्षा थोडी कमीच असल्याने आरामात बसते, मागे जागाही उरते. ती उरलेली जागा हाच मोह. आईने डिकीत गोधड्या, पितळी समई आणि पाटा-वरवंटा घातला. मी यादीत "किचन आयटम्स" असं लिहून मोकळा झालो. इकडे बंदरात कंटेनर तपासणीला काढला, त्याचं कारण मला कोणी सांगितलं नाही पण मला त्या पाट्यावर दाट संशय आहे. तपासणीचे पैसे आपल्यालाच भरावे लागतात, वर कंटेनर जितके दिवस उभा तितके दिवस भाडं. क्लिअरिंग एजंटने कोट देताना हे सांगितलं नव्हतं, नंतर विचारलं तर म्हणाला ते "अ‍ॅट अ‍ॅक्चुअल्स" मध्ये येतं साहेब. हा शब्द कोटेशनमध्ये दिसला की आधी फोन करा. आणि प्रवास मला वाटलं होतं त्यापेक्षा लांबला, कारण तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं सुवेझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून जात होती. आमची पद्मिनी केप ऑफ गुड होप बघून आली, मी अजून नाही बघितलं.

गाडी उतरली की चौदा दिवसांत नोव्हावर कळवायचं, म्हणजे एचएमआरसीला (इकडचं कर खातं) ऑनलाइन सांगायचं की अशी अशी गाडी देशात आलीये. टीओआर असलं तरी हे करावंच लागतं. त्याशिवाय स्वान्सीचं डीव्हीएलए, म्हणजे इकडचं आरटीओ, नंबर देत नाही. आणि नंबर मिळेपर्यंत गाडी रस्त्यावर उभीसुद्धा करायची नाही, स्वतःच्या जागेतच ठेवायची, त्यामुळे बंदरातून ट्रान्सपोर्टरवरून घरी आणली. फेब्रुवारीची पहिली तारीख. शेजारच्या आजी चहाचा कप घेऊन बाहेर येऊन उभ्या राहिल्या.

त्याच रात्रीची गोष्ट सांगतो. साडेदहाला अंथरुणात पडून फोनवर हवामान बघत होतो, उणे तीन दाखवत होतं, आणि एकदम डोक्यात ट्यूब पेटली की रेडिएटरमध्ये साधं पाणी आहे. पुण्यात आयुष्यभर नळाचं पाणीच घातलंय हो, अँटीफ्रीझ कशाशी खातात माहीत नाही. ते पाणी गोठलं तर इंजिनचा ब्लॉक फुटतो. पायजम्यावर जाकीट चढवून बाहेर पळालो, मोबाइलचा टॉर्च दातात धरून रेडिएटरखालची तोटी सोडली, ती गंजून बसलेली, पाना सटकून बोटं सोलवटली, मग एकदाची सुटली आणि गेरूसारखं लाल पाणी निम्मं बादलीत आणि निम्मं माझ्या बाहीत. ब्लॉकची तोटी वेगळी असते ते बाबांना फोन लावल्यावर कळलं. तिकडे पहाटेचे चार. बाबांनी पहिल्या रिंगला उचलला, "आधी वरचं झाकण काढ, मग खालचं सुटेल" एवढंच म्हणाले. सकाळी बादलीत बोटभर जाड बर्फ होता.

कागदांकडे परत येतो. गाडी दहा वर्षांपेक्षा जुनी असल्याने आयव्हीए नावाची मोठी तपासणी लागत नाही, हा ह्या सगळ्यातला सगळ्यात मोठा फायदा. चाळीस वर्षं उलटल्याने हिस्टॉरिक वर्गात नोंद झाली, म्हणजे रोड टॅक्स शून्य, एमओटीची (दरवर्षीची फिटनेस तपासणी) सक्ती नाही, आणि लंडनचा यूलेझचा, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवरचा, रोजचा साडेबारा पौंडही माफ. नोंदणीला लागलं ते एवढंच: व्ही५५/५ फॉर्म, मूळ आरसी, ५५ पौंड फी, आणि गाडी कुठल्या सालची ह्याचा पुरावा. नंबर गाडीच्या वयाप्रमाणे मिळतो. ऑगस्ट १९८३ पासूनच्या गाड्यांना इकडे "ए" पासून सुरू होणारा नंबर असतो, दसऱ्याची खरेदी त्यात बसली. मला हावरटासारखी काळी पाटी हवी होती, आपल्याकडे ८३ साली खाजगी गाड्यांना काळ्यावर पांढरी अक्षरंच होती ना, पण इकडे काळी पाटी १९८० च्या आधी बनलेल्या गाड्यांनाच. त्यामुळे आता पुढे पांढरी आणि मागे पिवळी. मागून बघितलं की मला अजून ती टॅक्सीच वाटते.

विम्याची गंमत वेगळीच. वेबसाइटवर यादीत प्रीमियर नाही, पद्मिनी नाही, चासी नंबर सतरा अक्षरी पाहिजे म्हणतात आणि आपला त्याच्या निम्मा. शेवटी जुन्या गाड्यांचा विमा करणाऱ्यांना फोन केला, फियाट ११०० सांगितलं, मग बाईंचा आवाज एकदम गोड झाला. मायलेज मर्यादित ठेवलं तर हप्ता माझ्या रोजच्या गाडीपेक्षा कितीतरी कमी.

एमओटी सक्तीची नसली तरी करून घेतली, आणि बरं झालं. मागे फॉग लॅम्प पाहिजे (एप्रिल १९८० नंतर रस्त्यावर आलेल्या गाड्यांना), तो बसवला. पुढे सीटबेल्ट पाहिजेत, आपल्या गाडीला कधी नव्हतेच. इकडे पुढच्या सीटला बेल्ट लावायची सक्ती झाली तीही १९८३ मध्येच, आणि आमचे बाबा तेव्हा मला पुढच्या बाकड्यावर आईच्या मांडीत बसवून महाबळेश्वर चढवत होते. बेल्टचे पॉइंट बसवायला सत्तरीचा एक मेकॅनिक मिळाला, पोरवयात त्याने फियाट ११०० वर हात काळे केलेले. स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये, तर काचेवर ४८, ८० आणि ११२ ला पांढरे ठिपके लावलेत, म्हणजे तीस, पन्नास आणि सत्तर मैल. तिसरा ठिपका शोभेचा आहे.

कारण चालवायला कशी? गावातल्या रस्त्यावर मजा, ए-रोडवर ठीक, मोटरवेवर देव आठवतो. पन्नास-बावन्न मैलांवर ती खूश असते, मागे लॉरीवाला लाइट मारत असतो. चारी चाकांना ड्रम ब्रेक, थांबायला वेळ लागतो म्हणून पुढच्याशी अंतर ठेवावं तर कोणीतरी त्यात घुसतंच. हीटर नाही, थंडीत आतून काच धुक्याने भरते, बायकोला फडकं घेऊन को-पायलट व्हावं लागतं. पेट्रोल फक्त महागडं ई५, कारण साधं पेट्रोल सप्टेंबर २०२१ पासून ई१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल) झालंय आणि जुने रबरी पाइप, कार्ब्युरेटरचे गॅस्केट ते खातं. आणि खरा शत्रू मीठ. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, कोकणातल्या खाऱ्या हवेने दहा वर्षांत जे होणार नाही ते एका सीझनमध्ये होतं म्हणतात, म्हणून खालून मेण मारून घेतलंय आणि मीठ पडलं की गाडी बाहेर काढत नाही.

ऑगस्टमध्ये गणपतीला डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळात घेऊन गेलो, ए-४० ने, हळूहळू. पार्क करून उतरेपर्यंत पंधरा-वीस माणसं गोळा. अर्ध्यांचा प्रश्न एकच, मुंबईची टॅक्सी का हो? (ती शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर बंद झाली.) एक काका, ऐंशीच्या घरातले, म्हणाले बसू का जरा. बसले, समोर बघत होते आणि डावा हात न बघता गिअरच्या दांड्यावर गेला, क्लच दाबून पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, परत न्यूट्रल. इंजिन बंदच होतं. "सेकंड थोडा अडकतो," म्हणाले. खरंच अडकतो.

एका मित्राने लग्नाला मागितली तर टीओआरची अट सांगितली, त्याला वाटलं बहाणा करतोय. शेवटी मीच ड्रायव्हर म्हणून गेलो, फेटा बांधून, फुकट.

तुम्ही आणावी का? ऑफिसमधला एकजण दोन वर्षांची एसयूव्ही आणायची म्हणत होता, त्याला स्पष्ट नको म्हणालो. दहा वर्षांच्या आतली भारतीय गाडी म्हणजे आयव्हीए, बदल, परत तपासणी, तेवढ्यात इकडे दुसरी येते. जुनी असेल, निदान तीस-चाळीस वर्षांची, कागद स्वच्छ असतील आणि देश डावीकडून चालणारा असेल तरच विचार करा. उजवीकडून चालणाऱ्या देशात न्यायचीच असेल तर अमेरिकेला पंचवीस वर्षांची अट आहे, कॅनडाला पंधरा. ऑस्ट्रेलियातही पंचवीस वर्षांवरच्या गाड्यांना वाट आहे, पण तिथे अ‍ॅस्बेस्टॉसला सक्त बंदी, आणि आपल्या जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये आणि गॅस्केटमध्ये तेच असायचं, ते सगळं काढून तपासून मगच पाठवायचं. मेलबर्नच्या माझ्या भाच्याने एवढं ऐकल्यावर आजोबांच्या स्कूटरचा विषय सोडून दिला.

पार्ट्सचं म्हणाल तर इकडे फियाटवाल्यांकडून थोडे मिळतात, पण भाव बघून घाम फुटतो, त्यामुळे पुण्यातली स्पेअर पार्ट्सची नाना पेठ जिंदाबाद. वॉटर पंपचं किट आणि इग्निशन पॉइंटचे दोन सेट बाबांनी आणून पुडीत बांधून ठेवलेत. जानेवारीत कोणी पुण्याहून हीथ्रोला येणार असेल तर कळवा, सगळं मिळून दीड किलोच्या वर नाही, आणि न्यायला मी पद्मिनी घेऊन येतो. मीठ पडलेलं नसेल तर.