गाइड डॉगबरोबर रस्ता ओलांडताना: काही महिन्यांच्या वापरानंतर

मी इंग्लंडमध्ये लेस्टरला राहते, दृष्टी जवळजवळ नाही. बरीच वर्षं पांढऱ्या काठीवर काढली. गेल्या हिवाळ्यापासून गाइड डॉग, म्हणजे दृष्टिहीनांना वाट दाखवायला शिकवलेला लॅब्रडॉर कुत्रा, सोबत आहे. पुण्याहून फोन आला की ठरलेला प्रश्न असतो: "सिग्नल हिरवा झाला की तो तुला पलीकडे नेतो ना गं?"

नाही नेत. कुत्र्याला लाल-हिरव्यातला फरक धड कळतच नाही. कधी निघायचं ते मी कानांनी ठरवते. त्याला शिकवलंय ते असं: फुटपाथ संपला की कडेला थांबायचं, 'फॉरवर्ड' म्हटलं की समोरच्या कडेपर्यंत नाकासमोर चालायचं, आणि गाडी अंगावर येत असेल तर माझं खुशाल ऐकायचं नाही. हे शेवटचं ट्रेनर मंडळी खऱ्या गाड्या आडव्या घालून घोटून घेतात. एकदा मी 'फॉरवर्ड' म्हटलं आणि हार्नेसचा (त्याच्या अंगावरच्या पट्ट्याचा, मी धरते तो) दांडा जागचा हललाच नाही. पाठोपाठ गुडघ्यांना वारा लागला आणि ओल्या रस्त्यावर टायर चरचरत गेले. इलेक्ट्रिक गाडी! नव्या इलेक्ट्रिक गाड्यांना कमी वेगात आवाज काढायची सक्ती आहे म्हणे. तो आवाज पावसात आणि बसच्या घरघरीत ऐकून दाखवा.

सगळ्यात मोठा फायदा सरळ रेषेचा. काठीनं ओलांडताना मी हमखास तिरकी व्हायचे आणि चौकाच्या मध्यभागी निघायचे. आता ते बंद झालं.

सिग्नलच्या खांबावर बटणाची पेटी असते. तिच्या पोटाखाली बोटानं चाचपलं की एक लहानसा दातेरी शंकू लागतो. चालणाऱ्यांचा दिवा हिरवा झाला की तो गरगर फिरतो. कुत्रा डाव्या हाताला, पेटी बहुतेक उजवीकडे, त्यामुळे बोट शंकूवर ठेवून उभं राहता येतं. जिथे रस्ता दोन टप्प्यांत ओलांडायचा असतो तिथे पलीकडच्या टप्प्याच्या हिरव्या दिव्याचा 'पीप' आपला समजून कुणी निघू नये म्हणून आवाज बंदच ठेवतात; तिथे या शंकूवरच सगळी भिस्त.

डोकेदुखी आहे ती भल्या माणसांची. 2022 मध्ये हायवे कोड (इथली वाहतूक नियमावली) बदलला, तेव्हापासून झेब्राच्या कडेला नुसतं वाट पाहत उभं राहिलं तरी गाडीवाल्यानं थांबणं अपेक्षित आहे. थांबतात आणि हातानं 'जा जा' करतात! मला ऐकू येतं ते फक्त चालू इंजिन. तो माझ्यासाठी थांबलाय की पार्किंग शोधतोय, हे मी कसं ओळखायचं? काहीजण वर हॉर्न वाजवतात.

कडा नसलेल्या, फुटपाथ आणि रस्ता एकाच पातळीवर आणलेल्या 'सुंदर' गल्ल्यांत कुत्राही गोंधळतो. तसंच, चार दिवस घरच्यांनी साध्या पट्ट्यावर फिरवला की कडेला थांबणं ढिलं पडतं. मग मागे फिरायचं, तीच कडा पुन्हा घ्यायची, नीट थांबला की 'शाब्बास' आणि एक दाणा.

केस, पाऊस, पहाटेची शी-शू हे सगळं गृहीत धरा. प्रतीक्षायादीही लांब आहे. काठीनं स्वतंत्र फिरता येत नसेल तर आधी ते शिका, कारण रस्ता तुमच्याच डोक्यात असावा लागतो.

पुण्याला मात्र त्याला आणणार नाही. दर गल्लीत चार भटकी कुत्री चौकशीला येणार आणि फुटपाथवर स्कूटर लावलेल्या. तिथे आपली काठी आणि दादाचं कोपर.