बॉयलरच्या पीसीवर काय टाकावं: अँटीव्हायरस की व्हाइटलिस्टिंग?

सोलापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात मी इन्स्ट्रुमेंटेशन बघतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचं प्रोसेस हाऊस सांभाळणाऱ्या मित्राने परवा विचारलं, "ऑफिसच्या अँटीव्हायरसची चार लायसन्स शिल्लक आहेत, स्काडाच्या पीसीवर टाकू का?" स्काडा म्हणजे यंत्रांचे आकडे पडद्यावर दाखवणारी आणि तिथूनच ती चालवू देणारी यंत्रणा. तीन वर्षांपूर्वी मी लगेच 'टाक' म्हणालो असतो. दोन्ही वापरून झाल्यावर आता तसं म्हणवत नाही.

अँटीव्हायरस वाईट आहे असं अजिबात नाही. वजनकाटा, ऊसबिलं, ईमेल, जिथे रोज नवी फाइल येते तिथे तोच हवा, आणि आमच्याकडे आजही तोच आहे. पण स्काडाचा पीसी वर्षानुवर्षं तेच चार प्रोग्रॅम चालवतो. तिथे वाईट काय ते ओळखत बसण्यापेक्षा चांगलं काय त्याची यादी करणं सोपं. व्हाइटलिस्टिंग एवढंच करतं: यादीत नाही तो प्रोग्रॅम सुरूच होत नाही.

माझं मत फिरलं ते जानेवारीतल्या एका रात्री, गाळप ऐन भरात असताना. बॉयलरच्या ऑपरेटरचा फोन आला, "साहेब, ड्रमचं पाणी पन्नासवरनं हलंना झालंय बघा." चालत्या बॉयलरच्या ड्रमची, म्हणजे वाफ-पाण्याच्या टाकीची, लेव्हल इतकी स्थिर कधीच नसते. पीएलसी, म्हणजे व्हॉल्व्ह प्रत्यक्ष चालवणारा छोटा संगणक, आपलं काम करत होता, फीड वॉटरचा व्हॉल्व्हही हलत होता. पडद्यावरचे आकडे मात्र वीस मिनिटांपूर्वीचे होते. रात्रीच्या अपडेटनंतर अँटीव्हायरसने पीएलसीशी बोलणाऱ्या ड्रायव्हरची फाइल संशयित ठरवून क्वारंटाइनमध्ये, म्हणजे वापरता येणार नाही अशी बाजूला, टाकली होती. गेज ग्लासपाशी, म्हणजे बॉयलरवर पाणी थेट दाखवणाऱ्या काचेपाशी, माणूस उभा केला, वॉकीटॉकीवर लेव्हल ऐकत मिल हळू केली. बाहेर ट्रॉल्यांची रांग, आणि तोडलेला ऊस थांबला की वजनही जातं, साखरेचा उताराही जातो.

पडदा काळा झाला असता तर बरं झालं असतं. जुना आकडा खरा वाटतो, हे मला आजही खुपतं. ऑपरेटर पोरगा जागरूक होता म्हणून निभावलं.

ड्रायव्हरच्या त्या फोल्डरला स्कॅनमधून सूट द्या, असा सल्ला मिळाला. दिलीही. पण मग ज्या फोल्डरवर सगळा बॉयलर चालतो तोच बिनपहाऱ्याचा राहिला; लायसन्सचे पैसे कशासाठी भरायचे? शिवाय वेगळ्या ठेवलेल्या नेटवर्कवर अपडेट न्यायचं तर पेनड्राइव्ह लागतो, आणि 2010 साली उघड झालेला, पीएलसीवर हल्ला करणारा स्टक्सनेट हा व्हायरस पेनड्राइव्हवरूनही पसरला होता.

व्हाइटलिस्टिंगचा त्रासही आहे, तो लपवत नाही. आमच्या पुरवठादाराचा इंजिनिअर भर हंगामात नवं टूल घेऊन आला आणि ते चालेना. तासभर खोळंबा झाला. आता असले बदल आम्ही हंगाम संपल्यावरच घेतो. यादी डिजिटल सहीवर, म्हणजे प्रोग्रॅम कोणत्या कंपनीचा ते सांगणाऱ्या खुणेवर, विसंबून करू नये, असं मला वाटतं. स्टक्सनेटच्या ड्रायव्हरवर चोरलेल्या, पण खऱ्या कंपन्यांच्या सह्या होत्या. प्रत्येक फाइलच्या हॅशवर (फाइलच्या मजकुरावरून काढलेला, बोटाच्या ठशासारखा आकडा) यादी करायला वेळ लागतो, पण ती जास्त भरवशाची. आमचा एक पीसी अजून विंडोज 7 वर आहे. त्याचा सपोर्ट जानेवारी 2020 मध्येच संपला, त्यामुळे पॅच, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या, येत नाहीत. अशा म्हाताऱ्या मशीनला तर यादीच मानवते.

दोन्हींपैकी काहीही घेतलं तरी पीएलसी उघडाच राहतो. आमच्या पीएलसीशी बोलायची भाषा म्हणजे मॉडबस, ती 1979 ची. तिच्यात पासवर्ड नाही. नेटवर्कवर पोचलेला कुणीही पोर्ट 502 वरून व्हॉल्व्हचा सेटपॉइंट बदलू शकतो. ऑफिस आणि प्लांटच्या मध्ये फायरवॉल हवाच, आणि ऑफिसचा नेटवर्क स्कॅनर चालत्या प्लांटकडे वळवू नये. जुने पीएलसी साध्या स्कॅननेही अडकतात.

मित्राच्या स्टेंटरना, म्हणजे कापड ताणून वाळवणाऱ्या यंत्रांना, हंगाम नाही, ते बारा महिने चालतात. त्याला मी सांगितलं: एकच पीसी घे, यादी आधी महिनाभर नुसती नोंद करण्याच्या मोडमध्ये ठेव, महिनाअखेरचा रिपोर्ट काढणारा प्रोग्रॅमही त्यात आला का ते बघ, आणि अडवणं सुरू करायचं ते साप्ताहिक सुट्टीला, तू स्वतः समोर उभा असताना. ती चार लायसन्स अकाउंट्सला दे.