जुन्या ऑटोमॅटिक पिकअपला गेअर पडताना झटका: आधी स्कॅन, आधी ऑइल की थेट गेअरबॉक्स खोलायचा?

आपल्याकडे ऑटोमॅटिक पिकअप मुळातच कमी. इसुझूने व्ही-क्रॉसला १.९ लिटर डिझेलसोबत ६ स्पीड ऑटोमॅटिक दिला २०१९ ला, टोयोटाची हायलक्स आली २०२२ ला, म्हणजे नाशकात जुनी ऑटोमॅटिक पिकअप म्हटलं की बहुतेक वेळा व्ही-क्रॉसच. द्राक्षाच्या सीझनला निफाड-दिंडोरीकडून क्रेट भरून निघायचं, उन्हात शहराच्या ट्रॅफिकमधे तासभर अडकायचं, वरून कसारा घाट, यात बॉक्सचं ऑइल तापून तापून म्हातारं होतं आणि मग एक दिवस गेअर पडताना धक्का बसायला लागतो. गॅरेजला गेलं की तीन सल्ले मिळतात, स्कॅन कर (गाडीच्या कंप्युटरमधले बिघाडाचे कोड वाच), ऑइल बदल, नाहीतर बॉक्स उतरव. तिन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत, पण क्रम चुकला की पैसे पाण्यात जातात.

माझं मत सरळ आहे, आधी स्वतः गाडी चालवून बघा आणि मग स्कॅन. सकाळी थंड बॉक्सवर पाथर्डी फाट्यावरून निघा, विल्होळी मार्गे गोंद्यापर्यंत जा, गाडी पूर्ण गरम होऊ द्या आणि लक्षात ठेवा की धक्का थंडीत जास्त का गरम झाल्यावर, एकाच गेअरला (समजा २ चा ३ पडताना) का सगळ्याच गेअरला. मॅन्युअल मोडमधे एकेक गेअर टाकून बघितलं की हे लगेच कळतं. एकाच ठिकाणी धक्का असेल तर त्या शिफ्टचा सोलेनॉइड (ऑइलचा रस्ता उघडबंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह) किंवा बॉक्सच्या आतल्या क्लच प्लेटा संशयात, सगळीकडे असेल तर ऑइलची लेव्हल, प्रेशर किंवा चक्क इंजिनकडची भानगड. गेअर पडतो पण मधेच आरपीएम वर पळतो आणि गाडी ओढत नाही, तर ते स्लिप होणं झालं, झटक्यापेक्षा जास्त काळजीचं.

पार्कमधून डी मधे टाकताना 'धाड' आवाज येतो म्हणून बॉक्सवर खापर फोडू नका. इंजिन किंवा बॉक्सचं माउंटिंग (खालचं रबर) दबून गेलेलं असतं, प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस (सांधा) ढिला असतो, नाहीतर आयडल आरपीएम चढलेला असतो, आणि ही कामं बॉक्सच्या मानाने फारच स्वस्तात होतात. बॅटरी डाउन किंवा अर्थिंग खराब असली तरी बॉक्सचा कंप्युटर वेडंवाकडं वागतो, ते पण आधी बघून घ्या.

अजून एक, ६०-८० च्या स्पीडला हलक्या ॲक्सिलरेटरवर रंबल स्ट्रिपवरून गेल्यासारखी थरथर येत असेल तर पाय ॲक्सिलरेटरवर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेक अगदी हलका टेकवा (मागे गाडी नसताना, मोकळ्या रोडवर). थरथर तत्काळ थांबली तर टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिनची ताकद ऑइलमधून बॉक्सला देणारा भाग) लॉकअपवर, म्हणजे त्याला इंजिनशी थेट जोडणाऱ्या क्लचवर संशय, कारण ब्रेकचा सिग्नल मिळाला की लॉकअप सुटतो. ही थरथर बऱ्याचदा नुसत्या ऑइल बदलण्याने जाते, म्हणून यात बॉक्स खोलायची घाई अजिबात नको.

आता स्कॅन. ऑनलाइन मिळणारा स्वस्त ब्लूटूथ डोंगल (गाडीच्या सॉकेटला लावून मोबाइलवर कोड दाखवणारा) बऱ्याचदा फक्त इंजिनचे कोड वाचतो, बॉक्सचे नाही, त्यामुळे 'कोड नाही' म्हणजे 'सगळं ठीक' असं समजू नका. अंबड-सातपूरला कुणाकडे बॉक्सचा लाइव्ह डेटा दाखवणारा स्कॅनर आहे ते फोनवरच विचारून जा. पी०७०० आला तर तो फक्त सांगतो की बॉक्सच्या कंप्युटरमधे काहीतरी नोंद आहे, खरा कोड तिथे जाऊन वाचावा लागतो. पी०७३० गेअर रेशो जुळत नाही, पी०७४१ लॉकअप लागत नाही, पी०७१५ इनपुट स्पीड सेन्सर. सेन्सरसाठी सगळा बॉक्स उतरवावाच लागतो असं नाही, आणि हेच एक कारण मला स्कॅन आधी करायला पुरेसं वाटतं.

ऑइलचं. ते बघण्यातच अर्धं निदान होतं. चेंबर (बॉक्सच्या खालची ऑइलची ट्रे) उतरवून आतलं मॅग्नेट बघा, त्यावर राखाडी बारीक चिखल असेल तर ती नेहमीची झीज, पण बोटाला टोचणारे तुकडे किंवा चकचकीत पापुद्रे असतील तर आत काहीतरी तुटतंय. ऑइल काळं आणि जळका वास म्हणजे प्लेटा भाजल्यात. गुलाबी दुधाळ दिसलं तर कूलरमधून कूलंट आत शिरलंय, गाडी तिथेच बंद ठेवा आणि फ्लॅटबेडवर न्या.

बदलायचं कसं, साधं काढून भरायचं का मशीनने फ्लश? काढून भरलं की जुनं निम्म्याच्या आसपासच निघतं, कारण बाकीचं कन्व्हर्टरमधे अडकलेलं असतं, म्हणून थोडं चालवून परत एकदोनदा करावं लागतं. फ्लशमधे जवळपास सगळं एकदम बदलतं, खर्च जास्त. वर्षानुवर्षं ऑइल न बदललेल्या गाडीला मी फ्लश करणार नाही, चेंबर उतरवून हळूहळू बदलेन. 'नवीन ऑइल टाकलं आणि बॉक्स गेला' असं लोक सांगतात, पण बहुतेकदा प्लेटा आधीच संपलेल्या असतात, दोष ऑइलचा नसतो. ग्रेड मात्र मॅन्युअलमधला तोच, 'सगळ्या ऑटोमॅटिकला हेच चालतं' म्हणणाऱ्याकडून टाकून घेऊ नका. बऱ्याच नव्या बॉक्सला डिपस्टिक नसते, इंजिन चालू ठेवून ऑइल ठराविक तापमानाला आलं की प्लगमधून लेव्हल बघतात, आणि ती कमी झाली तरी झटके, जास्त झाली तरी फेस होऊन झटके. नंतर स्कॅनरने अडॅप्टेशन (कंप्युटरने जुन्या झिजेप्रमाणे शिकलेली सेटिंग) रिसेट करून घ्या, नाहीतर काम चांगलं होऊनही सुरुवातीला गेअर विचित्रच पडतील.

बॉक्स खोलायला हो म्हणायचं ते फक्त पुरावा असेल तर, म्हणजे मॅग्नेटवर तुकडे, रेशोचा कोड आणि गाडी स्लिप होणं असं दोनतीन गोष्टी जुळत असतील तर. त्यातही आधी विचारा की नुसत्या व्हॉल्व्ह बॉडीने (ऑइल कुठे जायचं ते ठरवणारा व्हॉल्व्हचा ब्लॉक) भागतंय का, कारण ती बऱ्याच बॉक्समधे चेंबर काढून खालूनच निघते, पूर्ण बॉक्स उतरवायची गरज पडत नाही. एस्टिमेट गाडीच्या आजच्या विक्री किमतीशी लावून बघा. आणि पूर्ण काम करायचंच ठरलं तर जुन्या प्लेटा डोळ्याने बघायला मागा, कन्व्हर्टर आणि कूलरची लाइन त्यातच साफ किंवा बदलून घ्या, नाहीतर जुना कचरा नव्या बॉक्समधे शिरतो आणि तेच काम परत काढावं लागतं.